कृपा आणि कबुली

कृपेची व्याख्या
ख्रिस्ती धर्मविचारात कृपा म्हणजे ईश्वराने माणसाच्या पात्रतेकडे न पाहता त्याला दिलेले दान. ती कमावता येत नाही आणि पुण्यकर्मांच्या मोबदल्यात मिळत नाही. ख्रिस्ताचे वधस्तंभावरील मरण व पुनरुत्थान हा तिचा आधार मानला जातो. कृपा आणि तारण यांचा संबंध सर्वपरिचित आहे. कृपेमुळे माणसाला खरे बोलणे कसे शक्य होते, याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष जाते.

लाजेचे कार्य
खरे बोलण्याच्या आड येते ती लाज. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायात लाजेची सगळी साखळी दिसते. आज्ञाभंगानंतर आदाम आणि हव्वा अंजिराच्या पानांनी अंग झाकतात, झाडांआड लपतात आणि विचारणा होताच दोष दुसऱ्यावर ढकलतात. उघडे पडलो तर नाकारले जाऊ, ही भीती या तिन्ही कृतींच्या मुळाशी आहे. ती भीती असेपर्यंत असत्य हे माणसाला संरक्षण वाटते. त्याच अध्यायात पुढे ईश्वर स्वतः त्या दोघांना चामड्याची वस्त्रे करून घालतो. शिक्षा टळत नाही, पण झाकण्याची जबाबदारी अपराध्यावर राहत नाही.

आधी स्वीकार, मग कबुली
लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार, श्रीमंत आणि लोकांच्या तिरस्काराचा विषय. येशू त्याच्याकडून कोणतेही वचन न घेता त्याच्या घरी पाहुणा होतो. त्यानंतर जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे सर्वांसमोर जाहीर करतो. या कथेतील क्रम महत्त्वाचा आहे. सुधारणा ही स्वीकाराची अट नव्हती. स्वीकार झाल्यामुळे हिशेब उघड करण्याचे बळ आले.

ल्यूथरचा पेच
हा क्रम उलटल्यास काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर. 1505 मध्ये एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झालेला हा तरुण संन्यासी श्टाउपित्झ या गुरूपुढे तासन्‌तास पापनिवेदन करी. एखादे पाप आठवायचे राहिले तर क्षमा अपुरी ठरेल, या धास्तीने त्याची कबुली कधी संपतच नसे. पुढे बायबलमधील प्रेषित पौलाच्या पत्रांच्या अभ्यासातून तो या निष्कर्षास आला की, ईश्वर माणसाला विश्वासाच्या द्वारे नीतिमान ठरवतो आणि ते नीतिमत्त्व दान म्हणून मिळते. म्हणूनच विश्वासी माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, असे तो म्हणू शकला. निर्दोष दिसण्याची गरज संपते ती येथेच. या शिकवणीवरून पडलेली फूट दीर्घकाळ टिकली. या शिकवणीतील मूलभूत सत्यांबाबत एकमत नोंदवणाऱ्या संयुक्त घोषणापत्रावर कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे सह्या केल्या.

कबुलीच्या रीती
कॅथलिक परंपरेत धर्मगुरूसमोरील पापनिवेदन हा संस्कार आहे. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ते वर्षातून किमान एकदा बंधनकारक केले. त्यातील गुप्तता धर्मगुरूला मोडता येत नाही. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपासनेत सामूहिक पापांगीकार होतो. जर्मन धर्मवेत्ता डीट्रिख बोनहोफर याला तेवढे अपुरे वाटले. फिंकेनवाल्डे येथील धर्मगुरू-प्रशिक्षणालयात त्याने विद्यार्थ्यांना परस्परांजवळ कबुली देण्यास प्रवृत्त केले. पाप माणसाला एकटे पाडते आणि लपवल्याने त्याची पकड वाढते, असे त्याचे प्रतिपादन होते. ऐकणाराही पापीच असल्याने तेथे कोणाला उंचावरून न्याय करता येत नाही.

रमाबाईंची साक्ष
समाजसुधारक पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. पुढे 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला होता, स्वतः ख्रिस्त मात्र नंतर गवसला. इतक्या सुप्रसिद्ध व्यक्तीने आपल्या श्रद्धेतील उणीव अशी छापून द्यावी, हे धैर्य विरळा आहे. त्यांच्या कार्याला दुसरीही बाजू आहे. त्यांनी काढलेल्या शारदा सदन आणि केडगावच्या मुक्ती सदन या संस्थांत आलेल्या विधवांच्या वाट्याला आलेली लाज स्वतःच्या अपराधाची नव्हती. ती समाजाने लादलेली होती. अशा लाजेला क्षमेची नव्हे, सन्मानाची आणि शिक्षणाची गरज असते.

मर्यादा
स्वतःच्या अपराधाची लाज आणि लादलेली लाज यांतील हा भेद विसरल्यास कृपेचा गैरवापर होतो. पीडितावर क्षमेची सक्ती करणे किंवा गुन्ह्याची वासलात बंद खोलीतील पश्चात्तापाने लावणे, यांचा कृपेशी संबंध नाही. पश्चात्ताप व अनुसरण यांविना मागितलेल्या कृपेला बोनहोफरने 1937 मध्ये ‘स्वस्त कृपा’ म्हटले. शिवाय कृपेच्या अनुभवाने दृष्टी एका क्षणात स्वच्छ होतेच असे नाही. इंग्रज खलाशी जॉन न्यूटन 1748 च्या समुद्री वादळात ईश्वराकडे वळला, तरी त्यानंतरही 1754 पर्यंत गुलामांच्या व्यापारात राहिला. आपल्या सहभागाची छापील कबुली त्याने 1788 मध्ये दिली, ती उशिरा येत असल्याचेही त्यातच मान्य केले आणि ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे त्या व्यापाराविरुद्ध साक्ष दिली.