ओंडक्याचं तोंड पाहावं

श्रोतेहो, घराच्या चौकटीसाठी सागाचा ओंडका घ्यायला वखारीत गेलात, तर साल पाहून भुलू नका. मी आधी दोन्ही तोंडं पाहतो. मधला सोनेरी-तपकिरी गाभा हा खरा साग. अंगच्या तेलामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही. सालीलगतचा पांढरट भाग मात्र लवकर किडतो. त्यामुळे जाडजूड पण लहान गाभ्याचा ओंडका महागच पडतो. मग पोकळी, चिरा, गाठी आणि वाक पाहावा.

आता माप. ओंडक्याच्या मध्यावरच्या घेराचा चौथा हिस्सा काढून त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. घेर ४ फूट, लांबी १० फूट, तर १० घनफूट. गोलाच्या हिशेबाने लाकूड भरतं पावणेतेरा. ही सूट चिराईत वाया जाणाऱ्या कडांसाठी. पण आतून ओंडका पोकळ निघाला, तर सूट तिथेच संपते आणि घट आपल्या पदरात पडते. टेप घेर सांगते, पोकळी नाही. दार माणूस आयुष्यात एकदाच करतो. म्हणून भाव विचारण्याआधी मी ओंडक्याच्या तोंडाशी वाकतो.