जखम बांधण्याआधी मोजा

जयपूर म्हटले की हवामहलाइतकाच आठवतो तो ‘जयपूर फूट’. सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या परिश्रमांतून साकारलेल्या या पायाने हजारोंना पुन्हा चालते केले. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. १९७५ मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हा पाय विनामूल्य बसवून देते.

पण पाय कापण्याची वेळच का यावी? मधुमेही व्यक्तीच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते. छोटी जखम दुखत नाही, म्हणून ती कुणी पाहत नाही आणि एक दिवस पायावरच बेतते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या माकडहाडावर, खुब्यावर व टाचांवर होणाऱ्या जखमांचेही तसेच.

‘ठीक आहे’ म्हणजे काय?

नर्सिंग होममध्ये दिवसाची परिचारिका वेगळी, रात्रीची वेगळी. वहीत ‘ड्रेसिंग केले, जखम ठीक’ एवढेच लिहिले, तर जखम भरते आहे की चिघळते आहे, हे दुसरीला कसे कळावे? म्हणून तारीख, वेळ आणि जखमेची जागा लिहावी. लांबी, रुंदी व खोली सेंटिमीटरमध्ये नोंदवावी. तळाचा रंग लाल, पिवळा की काळा, स्राव किती, वास, वेदना आणि कडेची त्वचा कशी, हेही टिपावे. दर वेळी रुग्णाला एकाच स्थितीत झोपवून मोजावे, नाहीतर आकडे फसवतात.

दाबामुळे होणाऱ्या जखमेच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत त्वचा फाटलेली नसते, पण बोटाने दाबूनही लाली जात नाही. चौथीत स्नायू वा हाड उघडे पडते. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. तेथे हाताला लागणारा ऊबदारपणा, कडकपणा किंवा गडद डाग हीच धोक्याची खूण.

घरच्यांनी काय करावे?

आईवडिलांना नर्सिंग होममध्ये ठेवताना दाखल होण्याच्या दिवशीच संपूर्ण त्वचा तपासून नोंद करायला सांगा. कूस बदलल्याच्या वेळाही लिहिल्या जातात ना, हे विचारा. घरी सेवा करत असाल तर साधी वही आणि मोजपट्टी पुरे. जखम वाढली, दुर्गंधी आली, भोवती लाली पसरली किंवा ताप चढला, तर वही घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. त्या चार ओळींमुळे कदाचित एखादा पाय वाचेल.