वेदीपाशी आठवलेला भाऊ

मत्तयच्या पाचव्या अध्यायातली 23-24 ही वचने नीट वाचा. वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचं. राग कोणाचा? त्याचा! आपण मात्र 'माझ्या मनात काही नाही हो' म्हणून मोकळे होतो. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवून आम्हीही असंच वाचत आलो. आमच्या वसईत बांधावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. रविवारी मिस्साला दोघेही हजर. दुसऱ्या शतकात संत जस्टिन सांगतात, भाकर व प्याला आणण्याआधी शांतीचं चुंबन होई. आपल्याकडे शांतीची खूण येते कम्युनियनआधी. तेव्हा हात शेजाऱ्याला देतो, भावाचा बाक टाळतो. बांध कोणाचा, हे येशूने इथे विचारलेलंच नाही. 25व्या वचनात कोर्टाची वाट आहे. ती पुढच्या रविवारी बघू.