विश्लेषण : सगळी समाजमाध्यमे एकाच ब्राउझरमध्ये, सोय किती, जोखीम किती?

ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, फोटो इन्स्टाग्रामवर, चौकशी मेसेंजरवर आणि पुरवठादार टेलिग्रामवर. घरगुती व्यवसाय करणाऱ्या अनेकांचा दिवस असा चार ठिकाणी विभागला जातो. संगणकावर काम करताना टॅबची रांग लागते आणि नेमका महत्त्वाचा मेसेज नजरेआड होतो. ही सगळी माध्यमे एकाच खिडकीत आणणारे ब्राउझर उपलब्ध आहेत. पण ते निवडताना काय पाहायचे?

हे ब्राउझर वेगळे कसे?

या ब्राउझरच्या कडेला एक उभी पट्टी असते. तिच्यातील चिन्हावर क्लिक केले की व्हॉट्सअ‍ॅप किंवा इन्स्टाग्राम त्याच खिडकीत, एका अरुंद चौकटीत उघडते. शेजारी मुख्य पान तसेच राहते. म्हणजे एका बाजूला हिशेबाची शीट आणि दुसऱ्या बाजूला ग्राहकाशी चॅट, असे काम करता येते.

आधीच्या प्रयोगांचे काय झाले?

ही कल्पना जुनी आहे. २००५ मध्ये आलेल्या ‘फ्लॉक’ने फोटो, ब्लॉग आणि समाजमाध्यमे ब्राउझरमध्येच आणली. २०११ च्या सुरुवातीला झिंगा या गेमिंग कंपनीने फ्लॉक विकत घेतली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्राउझर बंद झाला. २०१० मध्ये आलेल्या ‘रॉकमेल्ट’मध्ये सुरुवातीला फेसबुक खात्याशिवाय प्रवेशच नव्हता. ऑगस्ट २०१३ मध्ये याहूने ती कंपनी घेतली आणि महिनाअखेर रॉकमेल्टची सेवा बंद झाली. बेंगळूरुच्या हिडन रिफ्लेक्सनेही २०१० मध्ये ‘एपिक’ आणला होता. त्यात समाजमाध्यमांच्या पट्टीसोबत भारतीय भाषांत टाइप करण्याची सोय होती. पुढे एपिकने ही वाट सोडून गोपनीयतेवर भर दिला.

फ्लॉक, रॉकमेल्टसारखे ब्राउझर समाजमाध्यमांकडून ‘एपीआय’ या तांत्रिक दारातून माहिती घेत आणि ती आपल्या पद्धतीने दाखवत. समाजमाध्यमाने नियम बदलले की ती सोय अडचणीत येई. आजच्या पट्टीत बहुतांश वेळा त्या त्या सेवेची मूळ वेबसाइटच उघडते. त्यामुळे हे अवलंबित्व कमी झाले आहे.

सध्याचे पर्याय कोणते?

ऑपेरा : २०१७ पासून कडेच्या पट्टीत मेसेंजर, व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्राम; नंतर इन्स्टाग्रामचीही भर पडली. फारशी जुळवाजुळव न करता सुरू करण्यासाठी सोपा. मूळ नॉर्वेच्या या कंपनीचा ब्राउझर व्यवसाय २०१६ मध्ये एका चिनी गटाने विकत घेतला.

विवाल्डी : ऑपेराचे सहसंस्थापक जॉन व्हॉन टेट्झनर यांनी ऑपेरा सोडल्यानंतर उभारलेला ब्राउझर. याच्या ‘वेब पॅनेल’मध्ये हवी ती वेबसाइट जोडता येते. सेटिंग मात्र स्वतः करावी लागतात.

फायरफॉक्स : दुकानाचे आणि घरचे अशी एकाच सेवेची दोन खाती असतील, तर ‘मल्टि-अकाउंट कंटेनर्स’ हे मोझिलाचे एक्स्टेन्शन दोन्ही खात्यांच्या कुकी वेगळ्या ठेवते.

धोका कुठे आहे?

लॉग-इन केल्यावर वेबसाइट ब्राउझरमध्ये ‘सेशन कुकी’ ठेवते. तुम्ही आधीच ओळख पटवली आहे, याची ती खूण असते. म्हणूनच दर वेळी पासवर्ड विचारला जात नाही. ही कुकी चोरणारे मालवेअर संगणकात शिरले, तर चोरट्याला अनेकदा पासवर्ड आणि ओटीपी या दोन्हींची गरज उरत नाही. सगळी खाती एकाच ब्राउझरमध्ये कायम उघडी असतील, तर एका फटक्यात सगळीच हातची जाऊ शकतात.

दुसरा धोका एक्स्टेन्शनचा. ‘सर्व वेबसाइटवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची’ परवानगी दिलेले एक्स्टेन्शन उघड्या चॅटपर्यंतही पोहोचू शकते. कूपन शोधण्यासाठी किंवा व्हिडिओ डाउनलोड करण्यासाठी घेतलेली अनोळखी एक्स्टेन्शन याच कारणाने काढून टाकावीत.

मोबाइलवर काय?

फोनच्या छोट्या पडद्यावर अशा पट्टीचा फारसा उपयोग नाही. तिथे अ‍ॅप आहेतच. मात्र क्वचित वापरल्या जाणाऱ्या माध्यमासाठी अ‍ॅप न घेता ब्राउझरमधूनच ते उघडता येते. त्यामुळे संपर्क यादी किंवा लोकेशनच्या परवानग्यांवर नियंत्रण ठेवणे सोपे जाते.

निवडण्यापूर्वी हे तपासा

• ब्राउझर अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. सुरक्षा अपडेट नियमित येतात का, ते पाहा.

• बुकमार्क आणि पासवर्ड एक्स्पोर्ट करता येतात का? फ्लॉक, रॉकमेल्टसारखी वेळ आली, तर दुसरीकडे जाणे सोपे होईल. मात्र पासवर्डची एक्स्पोर्ट फाइल उघडी असते. काम झाल्यावर ती लगेच डिलीट करा.

• बँकिंगसाठी वेगळा ब्राउझर किंवा किमान वेगळे प्रोफाइल ठेवा.

• सायबर कॅफेत किंवा कार्यालयाच्या सामायिक संगणकावर खाती पट्टीत जोडू नका.

• व्हॉट्सअ‍ॅपमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची यादी अधूनमधून पाहा. फोनशिवाय चार उपकरणे जोडता येतात. अनोळखी उपकरण दिसले, तर तिथूनच लॉग-आउट करता येते.

दिवसभर ग्राहकांना उत्तरे द्यावी लागत असतील, तर पट्टीचा ब्राउझर वेळ वाचवतो. दिवसातून दोनदाच मेसेज पाहणाऱ्यांना मात्र नेहमीच्या ब्राउझरमधील पिन केलेले दोन टॅब पुरेसे आहेत.