सहा जणांचा संघ, चौघांचा सामना

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे गडबला राहायला आला. त्याचे अब्बू कुवेतला नोकरीला आहेत. या खेपेला त्यांनी त्याच्यासाठी निन्टेंडो स्विच आणला होता. नववीतला मुलगा, जेवायला बसला तरी नजर त्या खेळण्यावर. दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी तो तोंड पाडून ओट्यावर बसलेला दिसला. विचारलं तर म्हणाला, "खाला, सहाच्या सहा ड्रॅगन घेतले होते. सगळ्यांत ताकदवान. तरी हरलो. सलग सात वेळा."

वीस वर्षे वर्गात उभी राहिलेली बाई मी. मुलगा हरण्याचं कारण विचारतोय म्हटल्यावर मला राहवेना. "दाखव तुझा खेळ," म्हटलं. त्या संध्याकाळी मी जे शिकले ते आपल्या वाचक माता-पित्यांना सांगावंसं वाटलं, कारण आज अनेक घरांत हा खेळ आहे आणि मोठ्यांना तो ठाऊक नाही.

पोकेमॉनचा जन्म जपानचा. 27 फेब्रुवारी 1996 ला पहिला खेळ बाजारात आला. तो रचणारे सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडून जमवण्याचा नाद होता, त्यातूनच त्यांना ही कल्पना सुचली. आपली मुलं पहिल्या पावसात शेतात चिंबोऱ्या धरायला धावतात, तोच हा नाद समजा. फरक एवढाच की इथे पकडलेले प्राणी काल्पनिक असतात, त्यांना वाढवायचं असतं आणि मग दुसऱ्याच्या प्राण्यांशी त्यांची लढत लावायची असते.

या लढतींची जागतिक स्पर्धा होते. 2023 साली ती जपानमधील योकोहामा येथे झाली, 2024 ला होनोलुलू येथे. वयानुसार तीन गट असतात: ज्युनियर, सीनियर आणि मास्टर्स. नियम ऐकले तर बुद्धिबळाची आठवण होते. प्रत्येक खेळाडू सहा पोकेमॉनचा संघ नोंदवतो. एकाच जातीचे दोन चालत नाहीत. प्रत्येकाच्या हाती एक वस्तू देता येते, पण एकच वस्तू दोघांना देता येत नाही. कुणी आपला प्राणी कितीही वाढवलेला असो, सामन्यात सर्वांची पातळी 50 धरली जाते. समोरच्याचे सहा पाहायला दीड मिनिट मिळतं. तेवढ्यात आपल्या सहांतून चार निवडायचे. गणिताने पाहिलं तर चौघांच्या 15 वेगवेगळ्या निवडी होतात, आणि समोरच्याच्याही तितक्याच. मग दोन्ही बाजूंनी दोन-दोन प्राणी मैदानात उतरतात. प्रत्येकाला फक्त चार डाव येतात. चाल ठरवायला 45 सेकंद. दोन्ही खेळाडू आपापली चाल एकाच वेळी ठरवतात आणि ज्याचा वेग जास्त त्याची चाल सहसा आधी होते.

आता भाच्याच्या ड्रॅगनकडे येऊ. पोकेमॉनचे 18 प्रकार आहेत. पाणी आगीवर भारी, आग गवतावर, गवत पाण्यावर. ड्रॅगन दिसायला जबरदस्त, पण फेअरी म्हणजे परी प्रकारावर त्याच्या ड्रॅगन-डावांचा काहीच परिणाम होत नाही, आणि परीचा वार मात्र त्याला दुप्पट लागतो. समोरच्या मुलाकडे एकच परी होती. ती एकटी सहाही ड्रॅगनांना पुरून उरली.

"वर्गात सहाही मुलं गणितात हुशार घेतली आणि परीक्षा भाषेची निघाली, तर काय होईल?" मी विचारलं. तो हसला आणि वही घेऊन आला. आम्ही संघ नव्याने बांधायला बसलो. ती पद्धत अशी.

आधी जोडी शोधायची. पेलिपर नावाचा पक्षी मैदानात आला की पाऊस सुरू होतो. पावसात पाण्याचे डाव दीडपट जोराने लागतात, आगीचे अर्ध्यावर येतात, आणि काही पाण्याच्या प्राण्यांचा वेग दुप्पट होतो. असा एक प्राणी पेलिपरसोबत ठेवला की जोडी झाली. मग या जोडीला मारणारं कोण ते पाहायचं. पाण्याला वीज आणि गवत भारी पडतात, म्हणून तिसरा आणि चौथा असे घ्यायचे, जे वीज व गवताला तोंड देतील. त्यानंतर वेगाचा बंदोबस्त. 'टेलविंड' हा डाव चार फेऱ्यांपुरता आपल्या बाजूचा वेग दुप्पट करतो. 'ट्रिक रूम' पाच फेऱ्यांपुरता क्रमच उलटा करतो, म्हणजे सर्वांत सुस्त प्राणी सर्वांत आधी चाल करतो. शेवटी कष्टाचे गुण वाटायचे. प्रत्येक प्राण्याला सरावाचे एकूण 510 गुण मिळतात, पण ताकद, वेग, बचाव यांपैकी कुठल्याही एका गोष्टीत 252 हून जास्त घालता येत नाहीत. सगळीकडे सगळं पुरत नाही. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे शिकवावं लागणार नाही.

आणि संघात एक तरी असा हवा जो स्वतः फारसं मारणार नाही, पण इतरांना वाचवील. 2014 च्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क या तरुणाने पाचिरिसू नावाची इवलीशी खार संघात घेतली होती. इतक्या मोठ्या स्पर्धेत तिला कुणी जागा देत नसे. तिचं मुख्य काम एकच: 'माझ्याकडे या' असा डाव टाकून शत्रूचे वार स्वतःच्या अंगावर घ्यायचे आणि शेजारच्या जोडीदाराला मोकळं ठेवायचं. पार्क त्या वर्षी मास्टर्स गटाचा जगज्जेता झाला. ही हकीकत ऐकून भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे दुबळा कोणी नसतो, त्याचं काम शोधावं लागतं."

आठवडाभराने खरा पेच आला. संघ कागदावर तयार होता, पण स्विचवर ते सहा प्राणी शोधायला, वाढवायला अनेक संध्याकाळी लागणार होत्या. कुणा अनोळखी माणसाने त्याला मेसेज केला: तयार सहा घे, पाचशे रुपये दे. बाहेरच्या सॉफ्टवेअरने बनवलेले. "खाला, आकडे अगदी तेच असतात. मी वाढवले तरी तेच होणार. फक्त वेळ वाचतो. सगळेच करतात."

युक्तिवाद कच्चा नव्हता, म्हणून मी रागावले नाही. मी विचारलं, "स्पर्धेचा नियम काय सांगतो?" नियम स्पष्ट आहे. असे बनावट पोकेमॉन चालत नाहीत, आणि ते कुठून आले याची जबाबदारी खेळाडूचीच. योकोहामात जगभरातून निवडून आलेल्या खेळाडूंपैकी काही जण याच तपासणीत सापडून बाद झाले. तरी त्याचा एक प्रश्न उरलाच. 'पोकेमॉन शोडाउन' नावाचा एक मोफत खेळ ब्राउझरवर चालतो. त्यात हवा तो पोकेमॉन मिनिटात तयार करता येतो. "मग ते कसं चालतं?"

ते चालतं, कारण तिथे ती सवलत सगळ्यांना आहे आणि उघड आहे. जिथे सर्वांनी मेहनत करायचं कबूल केलं आहे, तिथे एकट्याने गुपचूप सवलत घेणं म्हणजे दुसऱ्याची प्रयोगवही उतरवून काढणं. उत्तरं तीच असतात, पण वही आपली नसते. त्याने तो मेसेज पुसला. पहिला पोकेमॉन तयार व्हायला तीन संध्याकाळी गेल्या, आणि तो मला दाखवायला धावत स्वयंपाकघरात आला.

पैशाचा विषय निघाला म्हणून सांगते. 2001 साली सौदी अरेबियातील धार्मिक अधिकाऱ्यांनी पोकेमॉनवर बंदी घातली, तेव्हा जुगाराशी साम्य हे एक कारण दिलं होतं. आपल्या देशात 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सना वेगळं मानलं. घरात कुणाच्या मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना जरूर विचारावं. पण विचारताना मूल नेमकं काय खेळतं, पैसा कुठे जातो, हे आपल्याला माहीत हवं. तेच आपण पाहत नाही.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी आम्ही घरीच स्पर्धा ठेवली. वाडीतली आठ मुलं-मुली, मोबाईलवर शोडाउन. स्विच सगळ्यांना परवडत नाही, तेव्हा हेच बरं. फी नाही. मोठ्या स्पर्धांसारख्याच फेऱ्या: पहिली फेरी चिठ्ठ्या टाकून, पुढे जिंकलेल्याची जिंकलेल्याशी, हरलेल्याची हरलेल्याशी. हरला म्हणून कुणी बाहेर बसत नाही. आठ जणांत तीन फेऱ्यांत एकच अजिंक्य उरतो. मगरिबची अजान झाली तेव्हा खेळ संपलेला होता, कारण वेळ आधीच ठरवून घेतली होती.

अजिंक्य ठरली ती शेजारची सातवीतली मुलगी. माझा भाचा शेवटच्या फेरीत तिच्याकडून हरला. हरल्यावर त्याने आधी तिला सलाम करून मुबारकबाद दिली, मग वही उघडून तिच्याजवळ बसला आणि विचारलं, "तू तो चौथा का निवडलास?"

पालकांनो, मूल खेळत असेल तेव्हा एकदा शेजारी बसून हाच प्रश्न विचारा: हे चारच का निवडलेस? उत्तर आलं तर मूल विचार करतंय. नाही आलं, तर त्या दिवसापुरता खेळ बंद करून बाहेर धाडायला हरकत नाही.