पडदा गाडीत, नजर रस्त्यावर!

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा मुलाच्या ऑनलाइन वर्गासाठी घेतलेला टॅब आमच्या कपाटात धूळ खात पडला होता. ‘मोडीत घाल’ म्हटलं की चिरंजीव म्हणायचे, ‘आई, थांब गं, उपयोगी येईल.’ एके दिवशी पाहते तर काय, स्वारी आमच्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर फुटपट्टी घेऊन मापं घेतेय!

‘नवा पडद्यावाला स्टिरिओ कशाला? हाच टॅब बसवतो. गाणी, नकाशा, सगळं होतं.’

काटकसर म्हटली की आपण बायका लगेच विरघळतो. मीही ‘हो’ म्हणून बसले.

काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. टॅबच्या आवाजाच्या जोरावर गाडीचे स्पीकर वाजत नाहीत, म्हणून जुना स्टिरिओ तसाच ठेवून त्याला वायर जोडली. टॅबमध्ये जीपीएस नव्हतं (फक्त वाय-फायवर चालणाऱ्या बऱ्याच टॅबमध्ये नसतं), तेव्हा नकाशासाठी फोन सोबत हवाच. चार्जिंगची वायर मात्र चिरंजीवांनी स्वतःच्या अकलेनं थेट बॅटरीला जोडली. परिणाम? दोन दिवस गाडी उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी सुरूच होईना. मेकॅनिक हसून म्हणाला, ‘ताई, हे किल्ली बंद केली तरी करंट खातच रायलं ना!’ त्यानं मध्ये फ्यूज टाकला, १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा चार्जर लावला आणि किल्ली बंद की वीज बंद, अशी जोडणी करून दिली. ‘एअरबॅग असलेल्या गाडीत तिच्या झाकणावर काही बसवायचं नाही,’ हेही बजावलं. एअरबॅग उघडली तर वर बसवलेली वस्तू अंगावर येते.

मग काय, मज्जाच! मागच्या सीटवर सासूबाईंचा हरिपाठ, मध्येच लेकीची गाणी. आमचे ‘हे’ तर टॅबवर इतके खूश की येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

आणि एका संध्याकाळी मलकापूरहून परत येत होतो. अंधारून आलेलं. टॅबवर कसलासा निरोप झळकला आणि ह्यांची नजर तिकडे गेली. पुढे कपाशीनं भरलेली ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ‘अहो, ट्रॉली!’ मी ओरडले. करकचून ब्रेक लागला. वाचलो! सासूबाईंच्या हातातली जपमाळ खाली पडली होती. घरी येईपर्यंत गाडीत कोणी एक शब्द बोललं नाही.

रात्री मुलानंच कागदावर हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला साधारण ५५ फूट जाते. दोन सेकंद पडद्याकडे पाहिलं की झाले ११० फूट. आमच्या नांदुऱ्याचा हनुमंत १०५ फुटांचा. मान वर करून पाहताना टोपी पडावी एवढा! म्हणजे ती मूर्ती रस्त्यावर आडवी केली तर जेवढी लांब भरेल, त्याहून जास्त अंतर आपण डोळे मिटून गाडी हाकतो. हे गणित माझ्या काळजात रुतलं.

‘पण हातात थोडाच धरलाय? दंड तर मोबाइल हातात धरला की होतो,’ ह्यांचा बचाव. २०१९ च्या दुरुस्तीनं गाडी चालवताना हातातलं असं साधन वापरणं मोटार वाहन कायद्याच्या १८४ कलमात आलं, हे खरं. पहिल्याच वेळी एक ते पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. पण धोकादायक रीतीनं गाडी चालवणं हा त्याच कलमात गुन्हा आहेच की! आणि समोरच्या ट्रॉलीला काय ठाऊक, टॅब हातात होता की डॅशबोर्डवर?

टॅब काढून टाकला नाही. घरात नियम मात्र केले. नकाशा आणि गाणी गाडी सुरू करायच्या आधी लावायची. निरोपांची घंटी बंद. गाडी चालत असताना टॅबला हात लावील तो शेजारी बसलेला, चालवणारा नाही. सिनेमा गाडी उभी असतानाच. काचेसमोर आड येईल असा पडदा बसवायचा नाही. आणि उतरताना टॅब काढून पर्समध्ये! आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, बंद गाडी तर नुसती भट्टी. अशा उष्णतेत टॅबची बॅटरी फुगते, क्वचित पेटही घेऊ शकते.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरचे उत्साही वीर असला घाट घालत असतील तर मोडता घालू नका. जुनी वस्तू कामी येते, हौसही होते. फक्त स्टिअरिंगवर कोणीही बसो, शेजारच्या सीटवरून एक वाक्य न लाजता म्हणा, ‘तुम्ही रस्ता बघा, गाणं मी बदलते.’

सासूबाई आता गाडीत बसल्या की हरिपाठाआधी तेच म्हणतात!