धुरकट आकाशात दिसणारा दिवा

अल्ट्रालाइट विमानावरच्या दिव्यांची कामे दोन. नेव्हिगेशन दिवे विमानाचे तोंड कुठे आहे ते सांगतात: डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा, शेपटीला पांढरा. लाल आणि हिरवा दिवा नाकासमोरच्या रेषेपासून आपापल्या बाजूला ११० अंशांपर्यंत दिसतो. मागचे उरलेले १४० अंश पांढऱ्याचे. स्ट्रोब दिशा सांगत नाही. मिनिटाला ४० ते १०० वेळा लखलखून तो फक्त विमान असल्याची खूण देतो.

भारतात नजरेच्या भरवशावर होणारी उड्डाणे साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळातच होतात. म्हणून हलक्या विमानात वजनाचा आणि पैशाचा पहिला मान स्ट्रोबचा. अमेरिकी मानकानुसार पुढच्या नेव्हिगेशन दिव्याला थेट समोर ४० कँडेला आणि बाजूला अवघे ५ कँडेला पुरतात; उन्हात ते न दिसल्यात जमा. स्ट्रोबला मात्र क्षितिजाच्या वर-खाली ५ अंशांत ४०० कँडेला लागतात.

हे ४०० पुरतात का, ते हवेवर ठरते. भिवंडी तालुक्यात दिघाशीसारख्या गावांवरच्या आकाशात हिवाळ्यातल्या सकाळी धुके आणि वीटभट्ट्यांचा धूर एकमेकांत मिसळतो. अशा हवेत दृश्यमानता ५ किलोमीटर धरू. कमी उंचीवर नजरेने उडण्यासाठी लागणारी किमान दृश्यमानता तेवढीच आहे. अंतर आणि धुरकटपणा या दोहोंमुळे प्रकाश किती घटतो याचे गणित मांडले, तर ४०० कँडेलांचा दिवा रात्री सुमारे ५ किलोमीटरवरून दिसतो, साध्या दिवसाउजेडी १३०० मीटरवरून आणि लख्ख उन्हात जेमतेम ५५० मीटरवरून. ताशी १५० किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर आली, तर त्यांच्यातले अंतर सेकंदाला ८३ मीटरने घटते. समोरचे विमान दिसणे, धोका ओळखणे आणि आपले विमान वळणे यांना मिळून १२.५ सेकंद लागतात असे अमेरिकी विमानवाहतूक प्रशासन धरते. १३०० मीटरमध्ये साडेपंधरा सेकंद मिळतात. ५५० मीटरमध्ये साडेसहा. दिवा चौपट प्रखर केला तरी उन्हातले अंतर ९५० मीटरच्या आसपासच जाते, म्हणजे अकरा-साडेअकरा सेकंद. तरीही परवडेल तितका प्रखर स्ट्रोब घ्यावा, कारण या पाच सेकंदांना दुसरा पर्याय नाही. मात्र भर दुपारी खरा आधार वैमानिकाच्या फिरत्या नजरेचाच.

खरेदी करताना आकडा कोणता छापला आहे ते नीट पाहावे. लखलखाटाचा शिखरबिंदू आणि डोळ्याला जाणवणारी परिणामी तीव्रता यांत मोठी तफावत असते. ०.२ सेकंद पेटणाऱ्या एलईडीचे शिखर ८०० कँडेला असले, तरी परिणामी तीव्रता ४००च भरते. झेनॉन नळीचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान, त्यामुळे तिचे शिखर प्रचंड मोठे दिसते. जाहिरातीत नुसते ल्युमेन दिले असतील, तर परिणामी कँडेला कोणत्या कोनात किती, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

मग विजेचा हिशोब. राष्ट्रीय छात्रसेनेच्या व्हायरस एसडब्ल्यू-८० या मायक्रोलाइटमध्ये असते त्या रोटॅक्स ९१२ इंजिनाचे जनित्र सुमारे २५० वॅट देते. साध्या बल्बांचे तीन नेव्हिगेशन दिवे त्यातले ७५ वॅटपर्यंत खातात. एलईडीचे त्याच्या अल्पांशात भागते. झेनॉनच्या पेटीत काहीशे व्होल्ट साठतात. बटण बंद केल्यावरही काही मिनिटे तिला हात लावू नये.

तारा ओढताना घाई नडते. झेनॉनची तार जाळीच्या आवरणातली हवी आणि त्या आवरणाची जोडणी एकाच टोकाला, पुरवठ्याच्या पेटीपाशी करावी. नाहीतर रेडिओवर प्रत्येक लखलखाटाबरोबर टकटक ऐकू येते. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ देऊन न्यावी, म्हणजे होकायंत्र ढळत नाही. कापडी पंखाच्या ट्राइकवर पंखटोकापर्यंत तार नेणे त्रासाचे असते. तिथे एक स्ट्रोब वर आणि एक खाली बसवतात, कारण एकाच दिव्याला यंत्राचा सांगाडा कुठेतरी झाकतोच.

शेवटची तपासणी संध्याकाळी जमिनीवर करावी. दुसऱ्याने विमानाभोवती चक्कर मारून लाल, हिरवा आणि पांढरा नेमका कुठे मावळतो ते पाहावे, आणि वैमानिकाने आसनावर बसून स्ट्रोबची लखलख डोळ्यांत किंवा इंजिनाच्या पंख्यावरून परत येते का ते बघावे. येत असेल तर दिव्याला आडोसा लावावा. उड्डाणात ढगाआड किंवा दाट धुक्यात ही लखलख असह्य झाली, तर लखलखणारा दिवा मंद करण्याची किंवा बंद करण्याची मुभा आंतरराष्ट्रीय हवाई नियमांनीच वैमानिकाला दिली आहे.